इंटरनेट आणि आमचा करवीर प्रांत

इंटरनेटनें जग बदललें, हें वाक्य आतां इतकें गुळगुळीत झालें आहे कीं तें उच्चारणाराला त्याचा अर्थ विचारावा असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. संशोधनाची रीत बदलली, व्यापाराची रीत बदलली, घरगुती व्यवहार बदलला, असें सांगणाऱ्यांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष या बदलाची आरती करतो. दुसरा पूर्वींची पत्रें, पूर्वींचीं वाचनालयें आणि दुकानदाराशीं होणारी घासाघीस आठवून उसासे टाकतो. पण एका गोष्टीविषयीं दोघांचेंहि एकमत दिसतें. इंटरनेट हा कर्ता आणि माणसें हें त्याचें कर्म, हें दोघांनींहि गृहीत धरलेलें असतें. आमचें भांडण आहे तें या व्याकरणाशीं.

परदेशांतील उदाहरणें घेऊन हा वाद कितीहि लांबवितां येईल. परंतु त्याच्या परीक्षेस आमचा कोल्हापूर जिल्हा पुरेसा आहे. ता. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांतील सामान्य ग्राहकांसाठीं इंटरनेट खुलें केलें. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनीं, पुण्यामुंबईच्या पुष्कळ सुशिक्षितांनींहि ज्याचें नुसतें नांवच ऐकलें होतें तें हें साधन, आमच्या जिल्ह्यांतील खेड्यांपर्यंत नेण्याचा एक मोठा प्रयोग सुरू झाला. तो प्रयोग वारणेच्या खोऱ्यांतला, आणि तो बारकाईनें पाहण्यासारखा आहे.

पन्हाळा तालुक्यांतील वारणानगर हें तात्यासाहेब कोरे यांच्या कर्तृत्वाचें गांव. तेथील सहकारी साखर कारखान्याभोंवतीं दूधसंघ, शाळा, महाविद्यालयें, ग्राहकभांडार अशा संस्थांचें एक कुटुंबच उभें राहिलें. १९९८ सालीं पंतप्रधानांनीं नेमलेल्या माहिती-तंत्रज्ञानविषयक कृतिदलाच्या पुढाकारानें येथें ‘वायर्ड व्हिलेज’ या नांवाची योजना आंखण्यांत आली. कोल्हापूर व सांगली या दोन जिल्ह्यांतील सत्तर गांवें तींत धरलीं होतीं. खर्चाचा निम्मा वांटा केंद्र सरकारचा, चाळीस टक्के राज्य सरकारचा आणि उरलेला दहा टक्के वारणेच्या संस्थांचा. खेडुताला घरबसल्या बाजारभाव कळावे, पिकांच्या रोगांवर सल्ला मिळावा, सरकारी दाखले मिळावे, मुलांच्या शिक्षणाची व नोकरीची माहिती मिळावी, असे एकाहून एक मोठे मनसुबे योजनेच्या कागदांत होते. ज्या खेड्यांत टपाल वेळेवर येण्याची खात्री नव्हती तेथें अवघें जग येणार होतें.

पुढें अभ्यासक त्या गांवांत जाऊन पाहूं लागले तेव्हां त्यांना निराळेंच दृश्य दिसलें. गांवच्या केंद्रांतील संगणकावर चाललेलें काम बहुतांशीं एकच होतें, आणि तें म्हणजे ऊंस. कोणाचा किती टन ऊंस कारखान्यास गेला, कोणत्या तारखेस गेला, खत किती उचललें, खात्यावर काय निघतें. पिकांचा सल्ला, बाजारभाव, दाखले हीं सारीं कलमें कागदावरच राहिलीं. योजनेचे टीकाकार यावरून तिला फसलेली म्हणतात. आम्हांस मात्र हाच भाग तिच्या साऱ्या इतिहासांत सर्वांत बोलका वाटतो.

ऊंस उत्पादकाची चिंता काय असते, हें ज्यानें जवळून पाहिलें आहे त्याला त्याचें नवल वाटणार नाहीं. तोडलेला ऊंस उन्हांत पडून राहिला कीं त्याचें वजन घटतें आणि साखरहि घटते. म्हणून तोड केव्हां येणार, टोळी कोणाच्या फडांत शिरणार, गाडी कांट्यावर किती तास उभी राहणार, या गोष्टींत त्याच्या वर्षाच्या मिळकतीचा एक अंश असतो. त्याचा माल वजन होऊन गव्हाणींत पडला कीं त्याच्या हातीं उरते ती पावती. पावतीवरचा आंकडा आणि कारखान्याच्या वहींतला आंकडा जुळतो कीं नाहीं, हें पाहण्यास पूर्वीं त्याला एक दिवस मोडून कारखान्याच्या कचेरींत जावें लागे. चिटबॉयला विचारावें, तर तो गटाच्या कचेरीकडे बोट दाखवी. तेथें विचारावें, तर शेतकी खात्याकडे. चूक आठवड्यांत सांपडली तर ती दुरुस्त होते; हंगाम संपल्यावर सांपडली तर तिचें गाऱ्हाणें होतें. संगणकानें केलें तें इतकेंच कीं कारखान्याची वही गांवांत आणून ठेवली. आणि खेडुतानें नेमकें तेंच उचललें.

बाजारभाव त्यानें कां पाहिले नाहींत? सभासदाचा ऊंस त्याच्या कारखान्यास जावयाचा असतो. रोजच्या भावांत त्याला निवड करावयाची नसते. दाखले कां काढले नाहींत? सातबारा यंत्रांतून निघण्यापूर्वीं तो तलाठ्याच्या दप्तरांतून यंत्रांत उतरावा लागतो, आणि तें काम राज्यांत पुढेंहि कित्येक वर्षें चाललेलें होतें. याच्या उलट उंसाची वही तयार होती. ती कारकुनांच्या कित्येक पिढ्यांनीं रोज भरलेली होती; ती खोटी ठरली तर जाब विचारणारे सभासद होते, त्यांची वार्षिक सभा होती. इंटरनेटला वाहून नेण्यासारखें जें कांहीं वारणेंत आधींपासून होतें, तेवढेंच त्यानें वाहून नेलें. जें नव्हतें तें त्यानें निर्माण केलें नाहीं.

या कथेचा दुसरा अध्याय याहून मौजेचा आहे. जुने होत चाललेले संगणक, धूळ, विजेचा लपंडाव यांमुळें केंद्रें चालविणें महाग पडूं लागलें. २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या बंगळूर येथील संशोधनशाखेनें वारणेच्या सात गांवांत एक निराळा प्रयोग केला. त्यांनीं संगणक बाजूला ठेवला आणि त्याच्या जागीं साधा मोबाईल आणला. शेतकऱ्याची माहिती त्यावरून लघुसंदेशानें जाऊं-येऊं लागली. तीच वही, तेच आंकडे. खर्च कमी आणि सोय अधिक. प्रयोगाचें नांवहि त्यांनीं मूळ योजनेला कोपरखळी मारून ‘वारणा अनवायर्ड’ असें ठेवलें होतें. ज्या यंत्राच्या नांवानें योजना देशभर गाजली तेंच यंत्र काढून घेतल्यावर सेवा सुधारली! आरती करणाऱ्या पक्षानें या गोष्टीवर घटकाभर विचार करावा अशी आमची सूचना आहे. उसासे टाकणाऱ्यांनींहि करावा. कारण वहीसाठीं कचेरीच्या पायऱ्या झिजविण्यांत कोणतेंहि काव्य नव्हतें.

जें वारणेच्या वहीचें, तेंच विद्येच्या वहीचें. कोल्हापुरांत करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालीं निघालें. शिवाजी विद्यापीठ १९६२ सालीं. या दोहोंच्या मधल्या शंभराहून अधिक वर्षांत येथल्या अभ्यासकाला एखाद्या जुन्या शब्दाचा अर्थ पाहावयाचा झाला तर मोल्सवर्थच्या कोशाची एखादी प्रत कोणाकडे आहे, याची चौकशी करीत हिंडावें लागे. आज तोच कोश, १८५७ ची त्याची दुसरी आवृत्ति, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाहि फुकट पाहतां येते. आणि तिच्या शेजारींच दाते, कर्वे व त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’. सात विभागांचा तो ग्रंथ १९३२ ते १९३८ या काळांत बाहेर पडला. तो कपाटांतून उतरवून घेण्यास पूर्वीं शिपायाची मनधरणी करावी लागे. आतां आगगाडींत बसल्या बसल्या त्यांत शब्द सांपडतो. केतकरांचा ज्ञानकोश यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठाननें इंटरनेटवर आणला. वाईस बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं ज्याचा पाया घातला तो मराठी विश्वकोशहि तेथें आहे. आणि २००३ पासून मराठी विकिपीडिया चालू आहे, तो तर बिनपगारी हौशी लेखकांनीं चालविलेला.

या संपत्तीचें आम्हांस मोल आहे. परंतु तिच्यांतील एकहि ओळ इंटरनेटनें लिहिलेली नाहीं. शब्द वेंचणारे वेगळे, ते छापण्यासाठीं वर्गणीदार जमविणारे वेगळे, आणि ते पुन्हां यंत्रांत उतरविण्याचें किचकट काम अंगावर घेणारे वेगळे. त्यांतले मराठी शब्दकोशांचें काम एका अमेरिकन विद्यापीठानें केलें, ही गोष्ट आमच्या विद्यापीठांनीं अभिमानानें सांगावी कीं खालीं मान घालून ऐकावी, याचा निर्णय आम्ही वाचकांवर सोंपवितों.

येथें एक धोका आहे आणि तो थोडा सविस्तर सांगावयास हवा. जें सहज मिळतें तेंच वाचलें जातें, हा मनुष्यस्वभाव आहे. पूर्वीं न मिळणारें पुस्तक हें अभ्यासकाच्या मनांत निदान एक रिकामी जागा धरून असे. तें आहे आणि आपणांस मिळालें नाहीं, ही टोंचणी त्याला राही. आतां शोधाच्या चौकटींत शब्द घातला आणि कांहीं आलें नाहीं कीं ती वस्तु जगांतच नाहीं, अशी समजूत होऊं लागली आहे. प्रबंधांच्या शेवटीं येणाऱ्या आधारग्रंथांच्या याद्या पाहाव्या. ज्या मासिकाचे जुने अंक कोणीं यंत्रांत उतरविले नाहींत, तें मासिक निघालेंच नव्हतें, असें त्या याद्यांवरून वाटावें.

कोल्हापूरच्या पुरालेखागाराचें उदाहरण घ्या. करवीर संस्थानचें दप्तर तेथें आहे आणि त्यांतील जुने कागद मोडींत आहेत. मोडी अक्षरांना २०१४ सालीं युनिकोडमध्यें, म्हणजे जगांतील साऱ्या संगणकांनीं मान्य केलेल्या अक्षरांच्या यादींत, स्थान मिळालें.  परंतु अक्षराला घर मिळालें म्हणजे कागद वाचला गेला असें होत नाहीं. कागदाचें छायाचित्र काढून तें इंटरनेटवर टांगलें, तरी मोडी न जाणणाऱ्याला तें शाईच्या वेलबुट्टीहून अधिक कांहीं नसतें. हल्लीं यंत्रालाच मोडी वाचावयास शिकविण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि ते आम्हांस स्वागतार्ह वाटतात. मात्र यंत्राला शिकवावयाचें तें मूळ कागद आणि जाणत्यानें केलेलें त्याचें देवनागरी लिप्यंतर हीं शेजारीं शेजारीं ठेवून. तें लिप्यंतर करणारा माणूस आधीं हवा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जी लिपि खेड्यांतला वाणीहि लिहीत असे, ती सराईतपणें वाचणारे आज बोटांवर मोजण्याइतके आणि बहुधा उतारवयाचे आहेत. छायाचित्रांच्या यंत्रावर जेवढा पैसा खर्च होतो, त्याचा चौथा हिस्सा या माणसांच्या हाताखालीं चार तरुण बसविण्यांत गेला, तर करवीरच्या इतिहासाचें पुष्कळ काम होईल. हें काम निकडीचें आहे. यंत्र दहा वर्षांनींहि विकत मिळेल.

घरगुती व्यवहाराविषयीं आम्ही थोडक्यांत लिहितों, कारण तो सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. २०१६ नंतर मोबाईलवरून पैसे देण्याची सोय झाली, आणि आज कपिलतीर्थच्या मंडईंत कोथिंबिरीच्या जुडीचे पैसेहि लोक तसेच देतात. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, हें खरेंच. पण २०२३ च्या जून महिन्यांत मोबाईलवरील आक्षेपार्ह मजकुरावरून शहरांत दंगल उसळली आणि सरकारनें कांहीं काळ इंटरनेट बंद केलें, तेव्हां ज्या तारेनें भांडण आणलें तिच्याबरोबर भाजीचे पैसेहि अडले. एकाच सुतावर इतकीं ओझीं टांगावीं कीं काय, असा प्रश्न त्या वेळीं कित्येक गृहिणींच्या मनांत आला असेल.

पुराचें मात्र सांगितलें पाहिजे. पंचगंगेला पाणी चढूं लागलें म्हणजे कोल्हापूरकरांचे डोळे राजाराम बंधाऱ्याकडे लागतात. ३९ फूट ही इशाऱ्याची पातळी, ४३ फूट धोक्याची. जुन्या माणसांचें परिमाण याहून सोपें होतें: शिवाजी पुलाच्या दगडी बांधकामांतील खुणेस पाणी लागलें कीं ‘मच्छिंद्री झाली’, आणि ही वार्ता पेठापेठांतून तोंडोंतोंडीं फिरे. २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षीं पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. त्या दिवसांत बंधाऱ्यावरचा आंकडा तासातासाला प्रत्येकाच्या हातांतील मोबाईलवर येत होता. त्या आंकड्यावर लोकांनीं सामान माळ्यावर चढविलें, जनावरें हलविलीं. त्याच मोबाईलवर भलत्याच गांवच्या, भलत्याच वर्षींच्या पुराचीं चित्रेंहि येत होतीं. तार दोन्ही सारख्याच इमानानें पोंचविते. फरक एवढाच कीं पहिल्याच्या मागें पावसांत उभा राहून पट्टीवरचा आंकडा वाचणारा पाटबंधारे खात्याचा माणूस असतो आणि दुसऱ्याच्या मागें कोणीच नसतें.

आतां व्यापार. शाहू महाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरी वसविली ती मुख्यत्वें गुळाच्या व्यापारासाठीं. तेथला सौदा पाहणाऱ्यास ठाऊक असेल कीं गुळाची रव अडत्याच्या शब्दावर घेत नाहींत. ती फोडतात, रंग पाहतात, कण जिभेवर ठेवतात. चव तारेनें जात नाहीं. म्हणून दूरच्या गिऱ्हाइकाला मालाच्या जागीं नांव द्यावें लागतें, आणि इंटरनेटवरचा सारा व्यापार हा बव्हंशीं नांवांचा व्यापार आहे. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालें तें २०१४ सालीं. नांवाच्या व्यापारांत नांव कोणाचें, हा प्रश्न किती गंभीर असतो, हें कळण्यास मात्र कोल्हापुरी चपलेची हकीगत पाहावयास हवी.

कोल्हापुरी चप्पल म्हणजे बाभळीच्या सालीनें व हिरड्यानें कमावलेलें कातडें, कातड्याच्याच वादीची शिवण, आणि बाजूचे ते दोन कान. तिचे कारागीर कोल्हापुरांत जवाहरनगर, सुभाषनगर या भागांत आहेत, तसे सीमेपलीकडे अथणी, निपाणीकडेहि आहेत. म्हणूनच २०१९ सालीं तिला मानांकन मिळालें तें महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांच्या नांवें. सीमेवरून भांडणाऱ्या दोन राज्यांनीं चपलेवर एकत्र यावें, ही त्यांतली बरी गोष्ट. परंतु इंटरनेटच्या बाजारांत ‘कोल्हापुरी’ हा शब्द घालून पाहावा: रेग्झिनच्या, रबरी तळाच्या, यंत्रावर शिवलेल्या चपलांची रांग पुढें येते आणि खरी चप्पल तिच्यांत शोधावी लागते. जवाहरनगरच्या कारागिराला कोणी दुकानाबाहेर काढलें नाहीं. त्याचें नांवच त्याच्या आधीं दुसऱ्या दुकानांत जाऊन बसलें.

२०२५ च्या जून महिन्यांत इटलींतील मिलान शहरीं प्राडा या पेढीनें पुरुषांच्या पोशाखांचें प्रदर्शन भरविलें. त्यांत तरुण जी पादत्राणें घालून चालले तीं कोल्हापुरी घाटाचीं होतीं, आणि पेढीनें त्यांचें वर्णन ‘चामडी सँडल’ एवढेंच केलें होतें. पूर्वींचा काळ असता तर ही वार्ता कोल्हापुरास कळलीच नसती. या वेळीं चित्रें एक-दोन दिवसांत घरोघर पोंचलीं आणि संतापाची लाट उसळली. इंटरनेटच्या कैवाऱ्यांनीं हा विजय त्याच्या नांवावर मांडावा हें साहजिक आहे. आमच्या मतें त्याचा वांटा हांक मारण्यापुरता होता. हांक मारल्यावर जाब विचारावयास कोणी तरी असावें लागतें. तें काम महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनें पत्र लिहून केलें, आणि उत्तरादाखल पेढीनें या घाटाचें मूळ भारतीय कारागिरींत असल्याचें मान्य केलें. जुलैंत तिचे लोक कोल्हापुरास येऊन गेले.

तरीहि मानांकनाची मर्यादा या प्रकरणांत उघडी पडली. तें रक्षण करतें नांवाचें. घाट तसाच ठेवून नांव गाळलें तर त्याचा हात तोकडा पडतो. नामांकितांनीं नांव चोरलें नव्हतें, गाळलें होतें. बाजारांतील लहान चोर नेमकें उलट करतात, त्यांचा घाट खोटा आणि नांव मात्र खरें. उच्च न्यायालयांत गेलेली जनहितयाचिकाहि जुलै महिन्यांतच निकालांत निघाली. तेव्हां पुढें जें झालें तें कायद्याच्या धाकानें झालें असें म्हणतां येत नाहीं. डिसेंबर २०२५ मध्यें संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकांतील तसेंच महामंडळ यांच्याशीं प्राडानें करार केला. सुमारें दोन हजार जोड या दोन राज्यांतील कारागिरांकडून करून घ्यावयाचे आणि ते जगभर सुमारें ८०० युरोंस विकावयाचे, अशी ती योजना. कोल्हापूरच्या चप्पल लाईनींत खरा जोड कांहीं शें रुपयांपासून कांहीं हजारांपर्यंत मिळतो. ८०० युरोंचे रुपये वाचकांनींच करून पाहावे.

या गोष्टीचा अभिमान वाटावा इतकें तींत आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण चर्चा सारी नांवाच्या मानाची झाली. नांवामागच्या हातांची थोडी झाली. या धंद्यांतल्या तरुणांना त्यांत राहण्यासारखें कांहीं उरलें आहे काय, कमावलेलें कातडें कोणत्या भावानें मिळतें, चप्पल लाईनींतला दुकानदार जोडामागें कारागिराला काय देतो, हे प्रश्न मिलानच्या चित्रांइतके वेगानें पसरले नाहींत. त्यांची वही कोणीं ठेवलेली नाहीं. वारणेच्या शेतकऱ्यामागें सहकारी संस्था होती. चपलेच्या कारागिराचा धंदा घराघरांत विखुरलेला आहे.

महामंडळानें अलीकडे खऱ्या चपलेवर मोबाईलनें वाचतां येणारी चौकोनी खूण लावण्यास आरंभ केला आहे. तिच्यावरून चप्पल कोणीं केली, कोणत्या जिल्ह्यांत केली, कोणत्या रीतीनें केली, हें गिऱ्हाइकाला कळतें. नक्कल ओळखण्यास ती उपयोगी पडेल, आणि कारागिराचें नांव मालावर येण्याची ही सुरुवात आहे म्हणून आम्ही तिचें मनापासून स्वागत करतों. वारणेच्या खातेदाराला मात्र गांवच्या यंत्रावर आपले टन दिसत आणि आपलें येणेंहि दिसे. या खुणेंत एका जोडामागें कारागिराच्या हातीं किती रुपये पडले याचा रकाना अजून नाहीं. तो घालणें यंत्राला मुळींच कठीण नाहीं. महामंडळानें तें एकदां मनावर घ्यावें.